फ्लॅश मध्येच पडत नाही? नवा ट्रिगर घेण्याआधी एवढं तपासा

साखरपुड्यात दोघांच्या अंगठ्या घालून व्हायला मिळून दहा-बारा सेकंद लागतात. कराडजवळच्या एका मंगल कार्यालयात तेवढ्या वेळात मी चार फोटो काढले आणि त्यातले दोन काळे आले. बाजूला स्टँडवर अंब्रेला लावून ठेवलेला फ्लॅश पहिल्या फोटोला पडला, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला पडला, चौथ्याला पुन्हा नाही. जे दोन फोटो मिळाले त्यातल्या एकात मुलाचे डोळे मिटलेले होते. म्हणजे अख्ख्या समारंभातल्या सगळ्यात महत्त्वाच्या प्रसंगाचा एकच फोटो हाती राहिला.

तेव्हा माझ्याकडे साडेसातशे रुपयांचा ट्रिगर होता, म्हणजे लांबचा फ्लॅश कॅमेऱ्यावरून रेडिओनं पाडणारी जोडी: कॅमेऱ्यावर ट्रान्समीटर, फ्लॅशखाली रिसीव्हर. ज्याला विचारलं त्यानं एकच सांगितलं, स्वस्तातला आहे, टाकून दे, चांगला घे. हातात पैसे असते तर मीही तेच केलं असतं. नव्हते, म्हणून रात्री घरी कॅमेरा, ट्रिगर, रिसीव्हर आणि फ्लॅश टेबलावर मांडून एकेक तपासत बसलो. दोष ट्रिगरचा नव्हताच. फ्लॅश फुल पॉवरवर होता आणि आतले सेल दोन वर्षं वापरून थकलेले होते. एकदा पडला की पुन्हा चार्ज व्हायला त्याला पाच सेकंद लागत होते. मी तीन सेकंदांनी बटण दाबत होतो. नवा ट्रिगर आणला असता तरी पुढच्या लग्नात हेच झालं असतं.

त्या रात्रीपासून मी एक गोष्ट पाळतो. फ्लॅश चुकला एवढंच न बघता तो कसा चुकला ते बघायचं. अजिबात पडत नाही, की एकाआड एक पडतो? जवळून पडतो आणि लांबून नाही? पडतो पण अर्धा फोटो काळा येतो? जेवणाची पंगत उठेपर्यंत नीट चालतो आणि नंतर बंद पडतो? यातल्या प्रत्येकाचं कारण वेगळं आहे, आणि बहुतेक कारणांना पैसे लागत नाहीत.

आधी टेस्टचं बटण

कॅमेऱ्यावर बसतो त्या ट्रान्समीटरवर एक बटण असतं. ते दाबलं की कॅमेऱ्याशिवाय फ्लॅश पडतो. फ्लॅश नीट लागलाय का ते बघायला आपण ते एकदा दाबतो आणि विसरून जातो. दोष शोधायला याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही, कारण ते सगळ्या साखळीचे बरोबर दोन तुकडे करतं.

साखळी अशी आहे. शटर पूर्ण उघडलं की कॅमेरा हॉट शूच्या, म्हणजे वरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेच्या, मधल्या पिनेवर संपर्क जोडतो. ट्रान्समीटरला ते कळतं आणि तो रेडिओ संदेश सोडतो. रिसीव्हर तो पकडतो आणि फ्लॅशच्या पायाशी तोच संपर्क जोडतो. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज नळीतून जाते आणि उजेड पडतो. टेस्टचं बटण या साखळीतला कॅमेऱ्याचा भाग वगळतं.

फ्लॅश मॅन्युअलवर, 1/16 पॉवरवर ठेवा. तीन मीटर लांब उभे राहा. चार-पाच सेकंद थांबत वीस वेळा टेस्ट दाबा आणि मोजा. वीसच्या वीस वेळा पडला तर हवेतला प्रवास, रिसीव्हर आणि फ्लॅश हे सगळं ठीक आहे, दोष कॅमेरा आणि ट्रान्समीटर यांच्यामध्ये आहे. सोळा-सतरा वेळाच पडला तर कॅमेऱ्याला हात लावू नका, दोष पुढे आहे. अशा वेळी रिसीव्हरच्या दिव्याकडे बघा. फ्लॅश पडला नाही पण दिवा लुकलुकला, तर संदेश पोहोचलाय आणि फ्लॅशच्या पायाशी किंवा फ्लॅशच्या आत अडकलाय. दिवाही लुकलुकला नाही तर संदेश हवेतच हरवला.

ही वीस वेळा मोजायची पद्धत कंटाळवाणी वाटते, पण दोन-तीनदा दाबून "चालतंय" म्हणण्यात अर्थ नाही. दहातून एकदा येणारा दोष तीन वेळा दाबून दिसत नाही. तो नेमका वरमाला पडताना दिसतो.

टेस्टनं पडतो, कॅमेऱ्यानं पडत नाही

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि विचारणाऱ्याकडे बरेचदा कॅननची नवशिक्यांसाठीची बॉडी, म्हणजे कॅमेरा, असते. कॅननची 1500डी आणि 3000डी ही मॉडेलं 2018 साली आली, 200डी मार्क टू 2019 साली. या बॉडींच्या हॉट शूवर मधली गोल पिन, म्हणजे धातूची चकती, दिलेली नाही. फक्त कॅननच्या स्वतःच्या भाषेत बोलणाऱ्या मागच्या छोट्या पिना आहेत. स्वस्त मॅन्युअल ट्रिगरला नेमकी ती मधली पिनच लागते, कारण त्याला दुसरं काही समजत नाही. त्यामुळे तिथे पीटी-04 लावा किंवा योंगनुओचा आरएफ-603, टेस्टनं फ्लॅश पडेल आणि शटरनं कधीच पडणार नाही. सेल बदलून, चॅनेल बदलून, दुकानात परत देऊन दुसरा आणूनही पडणार नाही. ही मॉडेलं आपल्याकडे कॉलेजच्या मुलांच्या हातात खूप दिसतात आणि त्यातल्या कित्येकांनी याच कारणापायी लागोपाठ दोन-दोन ट्रिगर घेतलेत. जुना कॅमेरा विकत घेत असाल तर हॉट शूच्या मधोमध नुसतं बघा. गोल चकती दिसली नाही, तर हा हिशेब आधीच करा.

यावर दोन उपाय आहेत. एक, कॅननची भाषा समजणारा ट्रिगर, म्हणजे गोडॉक्सचा एक्स2टी-सी किंवा एक्सप्रो-सी यांसारखा, आणि त्यात नवं फर्मवेअर भरून घ्यायचं. नावातलं शेवटचं सी महत्त्वाचं आहे, तिथे एन असेल तर तो निकॉनचा. दुसरा उपाय फुकटाचा आहे. कॅमेऱ्याचा स्वतःचा छोटा फ्लॅश उघडायचा आणि बाहेरचा फ्लॅश त्याच्या उजेडावर चालवायचा. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

मधली पिन आहे आणि तरी टेस्टनं पडतो, कॅमेऱ्यानं पडत नाही, असं असेल तर ट्रिगर शूमध्ये शेवटपर्यंत सरकलाय का ते बघा. अर्धा मिलिमीटर मागे राहिला तरी ट्रिगरची पिन चकतीच्या कडेवर बसते आणि कॅमेरा हलला की संपर्क तुटतो. स्वस्त ट्रिगरचं चाक घट्ट पिळलेलं वाटतं पण शूमध्ये ट्रिगर डुलतो. पुठ्ठ्याची बारीक पट्टी घडी करून ट्रिगरचा पाय आणि वरचं चाक यांच्यात सारली की तो बसतो. मी लग्नाच्या पत्रिकेचा तुकडा वापरतो, त्याची जाडी बरोबर येते.

पिनेइतकीच ट्रिगरच्या पायाची कडही महत्त्वाची. वीज मधल्या पिनेतून जाते आणि कडेच्या पट्टीतून परत येते, तेव्हाच मंडल पूर्ण होतं. कॅमेऱ्याच्या शूच्या कडा धातूच्या असतात, पण त्यांवर काळा रंग असतो. ट्रिगर घासून घासून त्या रंगात एक चमकती रेघ पडलेली दिसेल. ती रेघ हीच खरी वाट. नव्या कॅमेऱ्यावर ती रेघ पडलेलीच नसते, म्हणून नवा कॅमेरा आणि जुना ट्रिगर ही जोडी सुरुवातीला अडते. दोघंही बंद ठेवून ट्रिगर पंधरा-वीस वेळा आत-बाहेर सरकवा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

आणि हळद. हळदीच्या कार्यक्रमात हवेत उडालेली कोरडी हळद हॉट शूमध्ये जाऊन बसते. एकदा ट्रिगर काढला तर चकतीवर पिवळ्या साईसारखा थर होता, त्यात ट्रिगरच्या पिनेनं कोरलेलं टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसत होतं. आदल्या दिवशी तोच संच वीसपैकी वीस वेळा चालला होता. आधी मऊ ब्रशनं पावडर झाडायची, मग पेन्सिलीच्या खोडरबरानं चकती हलकेच घासायची, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी किंचित भिजवून पुसायचं. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ हळदीला चिकटवते. सँडपेपर तर अजिबात नको, वरचा मुलामा गेला की गंज चढतो. आता हळदीच्या दिवशी ट्रिगर लावल्यावर मी शूच्या भोवती कागदी चिकटपट्टी गुंडाळतो.

यातलं काहीच नसेल तर कॅमेऱ्याच्या मेन्यूत जा. मिररलेस कॅमेऱ्यांत आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर बहुतेक बॉडी फ्लॅशला संदेशच देत नाहीत. कॅननच्या कित्येक डीएसएलआरमध्ये स्क्रीनवर बघून फोटो काढताना सायलेंट शूटिंग चालू असेल तर दुसऱ्या कंपनीचा फ्लॅश पडत नाही. ते बंद करा, किंवा डोळा लावून व्ह्यूफाइंडरमधून काढा. पाळण्यात झोपलेल्या बाळाचे फोटो काढताना आपण शटरचा आवाज बंद करतो आणि नंतर विसरतो, म्हणून बारशानंतरच्या पहिल्या कामाला हा दोष हमखास येतो.

एकाआड एक चुकतो

साखरपुड्यात माझं झालं ते हे. इथे ट्रिगरला दोष देणं अन्यायाचं आहे.

फ्लॅशच्या आत कपॅसिटर असतो, तो सुमारे 300 व्होल्टपर्यंत भरला जातो. फुल पॉवरला तो सगळा रिकामा होतो आणि चार पेन्सिल सेलना तो पुन्हा भरावा लागतो. अल्कलाइन सेल नवा असताना जोमात असतो, पण त्याचा अंतर्गत रोध जास्त, त्यामुळे वापर वाढत जातो तसा चार्ज व्हायचा वेळ भराभर वाढतो. निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल 1.2 व्होल्टचे असले तरी एका दमात जास्त वीज देतात आणि शेवटपर्यंत जवळपास तेवढ्याच वेगानं देत राहतात. व्होल्ट कमी म्हणून त्यांना कमी समजू नका. घड्याळासाठी आणि टीव्हीच्या रिमोटसाठी मिळणारे साधे झिंक-कार्बन सेल मात्र फ्लॅशला चालतच नाहीत, पाच-सात फोटोंत ते मान टाकतात.

पण सेल बदलण्याआधी पॉवर कमी करा. आयएसओ 200 आणि फ्लॅश फुल पॉवर यांऐवजी आयएसओ 800 आणि फ्लॅश 1/4 ठेवलात तर फ्लॅशचा उजेड फोटोत तेवढाच दिसतो आणि कपॅसिटरमधली पाऊण वीज शिल्लक राहते. चार्ज व्हायचा वेळ त्याच प्रमाणात घटतो, सेलही जवळपास चौपट चालतात. हॉलमधला मागचा उजेड मात्र आता जास्त येईल, तो नको असेल तर शटरचा वेग थोडा वाढवा, पण सिंक स्पीडच्या आत, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सगळ्यात जास्त वेगाच्या आत. कार्यालयांतल्या ट्यूबलाइट आणि एलईडीच्या माळांच्या उजेडात मला तर मागचं थोडं दिसलेलंच आवडतं.

चारही सेल एकाच जातीचे, एकाच वयाचे हवेत. तीन चांगले आणि एक थकलेला असला की तो एक बाकी तिघांना खाली ओढतो. मी प्रत्येक चौकडीवर मार्करनं अक्षर लिहून ठेवलंय, अ ते ऊ, आणि त्या चौकड्या कधी मिसळत नाही. कप्प्यात पांढरी भुकटी दिसली तर अल्कलाइन सेल गळलाय. ती भुकटी अल्कधर्मी असते, कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन पुसली की निघते, मग अल्कोहोलनं पुसून पूर्ण वाळवायचं.

ट्रिगरचे सेल वेगळे. पीटी-04च्या ट्रान्समीटरमध्ये 12 व्होल्टचा 23ए नावाचा बुटका सेल असतो, तोच जो बऱ्याच वायरलेस बेलमध्ये आणि गेटच्या रिमोटमध्ये असतो. तालुक्याच्या गावी तो रविवारी मिळेलच असं नाही. माझ्या बॅगेत दोन जास्तीचे असतात.

सुरुवातीला उत्तम चालून मध्यंतरानंतर बंद पडणारा फ्लॅश बहुधा झोपलेला असतो. सेल वाचवायला फ्लॅश काही वेळानं आपोआप बंद होतो आणि स्वस्त ट्रिगरला त्याला उठवता येत नाही, त्याला फक्त "पड" एवढंच सांगता येतं. फ्लॅशच्या मेन्यूत ऑटो पॉवर ऑफ शोधून बंद करा. कॅननच्या 430ईएक्स टूमध्ये ते कस्टम फंक्शन 01 आहे. आणि मोड मॅन्युअल हवा. टीटीएलवर, म्हणजे पॉवर कॅमेऱ्यानं आपोआप ठरवायच्या मोडवर, राहिलेला फ्लॅश मॅन्युअल ट्रिगरवर कधी पूर्ण ताकदीनं पडतो, कधी पडतच नाही.

जवळून पडतो, लांबून नाही. किंवा उलट

स्वस्त ट्रिगर दोन पट्ट्यांत येतात. पीटी-04 आणि त्याची भावंडं 433 मेगाहर्ट्झवर चालतात, आरएफ-603 आणि गोडॉक्सची एक्स मालिका 2.4 गिगाहर्ट्झवर. 433च्या लहरी जवळपास 69 सेंटिमीटर लांब असतात आणि अडथळ्याला वळसा घालून बऱ्यापैकी पोहोचतात. 2.4 गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, ती माणसाच्या अंगातल्या पाण्यात शोषली जाते. म्हणूनच रिकाम्या हॉलमध्ये दुपारी तपासलेला संच संध्याकाळी पाहुण्यांनी हॉल भरल्यावर चुकायला लागतो. ट्रिगर बिघडलेला नसतो, मध्ये दोनशे माणसं उभी असतात.

रिसीव्हर माणसांच्या डोक्याच्या वर न्या. स्टँड दोन मीटरच्या वर असेल तर अर्धी तक्रार तिथेच मिटते. त्याच हॉलमधला वायफाय राउटर आणि व्हिडिओवाल्यांचे कॉलर माइक बरेचदा 2.4 गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात असतात, तेव्हा चॅनेल बदलून बघा. आरएफ-603च्या पहिल्या आवृत्तीत सेलच्या कप्प्यात चार इवले स्विच असतात, पीटी-04मध्ये दोन. काडेपेटीच्या काडीनं ते सरकतात. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्हीकडे मांडणी तंतोतंत सारखी हवी, आणि ते स्विच बॅगेत घासून आपोआपही सरकतात. कित्येक "बिघडलेले" रिसीव्हर मी फक्त एक स्विच वर करून परत दिलेत.

एक उपाय फारसा कोणाला माहीत नसतो आणि मला तो फार आवडतो. रिसीव्हर फ्लॅशच्या थेट पायाखाली बसतो, म्हणजे वरून फ्लॅशचं चार्जिंग सर्किट आणि खालून स्टँडचा धातू. फ्लॅश चार्ज होताना ते सर्किट स्वतःच विद्युत गोंगाट करतं आणि काही स्वस्त रिसीव्हर तेवढ्या गोंगाटात बहिरे होतात. रिसीव्हर तिथून काढा, हातभर सिंक केबलनं फ्लॅशला जोडा आणि स्टँडच्या वरच्या टोकाला रबर बँडनं बांधा. माझ्या एका जुन्या संचाची पोच या एवढ्यानं आठ मीटरवरून हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली. केबल एकदाच आणावी लागली.

उलट तक्रारही येते. फ्लॅश वीस मीटरवर चालतो आणि टेबलावर हातभर अंतरावर चुकतो. घरच्या घरी दागिन्यांचे किंवा दिवाळीच्या फराळाचे फोटो काढणाऱ्यांना हे सगळ्यात जास्त छळतं. ट्रान्समीटर इतका जवळ असतो की सिग्नल रिसीव्हरला झेपत नाही, कानाशी ओरडल्यावर शब्द कळू नयेत तसं होतं. गोडॉक्सच्या एक्सप्रो आणि एक्स2टीच्या मेन्यूत डिस्ट नावाची नोंद आहे, तिथे 1-100 मीटरऐवजी 0-30 मीटर निवडा. ज्या ट्रिगरमध्ये अशी सोयच नाही, तिथे फ्लॅश थोडा मागे न्या किंवा रिसीव्हर वस्तूच्या आड ठेवा.

अर्धा फोटो काळा

याला बिघाड म्हणायचं नाही, शटर जास्त वेगाचं झालंय. कॅननच्या 1500डीचा किंवा निकॉनच्या डी5600चा सिंक स्पीड 1/200 आहे. त्याहून वेगात शटरचा दुसरा पडदा पहिला पूर्ण उघडण्याआधीच निघतो आणि फ्लॅश पडतो तेव्हा सेन्सरचा काही भाग झाकलेला असतो. आडव्या फोटोत काळा पट्टा बहुधा खालच्या बाजूला येतो. स्वस्त ट्रिगर संदेश पोहोचवायला किंचित उशीर करतो, त्यामुळे 1/200 लावूनही खाली बारीक सावली दिसू शकते. 1/160 करा, तरी दिसली तर 1/125. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून हा आकडा एकदा ठरवा आणि ट्रिगरवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

रेडिओशिवाय: उजेडावर चालणारा फ्लॅश

बऱ्याच स्वस्त फ्लॅशमध्ये एस1 आणि एस2 असे दोन मोड असतात. दुसरा फ्लॅश पडला की तो उजेड पाहून हा पडतो. ट्रिगर लागतच नाही. कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश हाच ट्रिगर. मधली पिन नसलेल्या बॉडीवर पैसे न घालता काम भागवायचं असेल तर वाट हीच.

तक्रार एकच येते: दोन्ही फ्लॅश डोळ्यांना पडलेले दिसतात आणि फोटोत मात्र बाहेरच्याचा उजेडच नाही. कारण कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश टीटीएलवर असतो. तो आधी मोजमापासाठी एक बारीक झलक टाकतो आणि मग खरा पडतो. एस1 त्या झलकेलाच फसतो आणि शटर उघडण्याआधी पडून मोकळा होतो. एस2 पहिली झलक सोडून देतो, म्हणून एस2 लावा. रेड आय रिडक्शन बंद करा. फ्लॅशला एस2 नसेलच, तर कॅननवर तारांकित एफई लॉकचं बटण दाबा. मोजमापाची झलक तेव्हाच पडून जाते, बाहेरचा फ्लॅशही तिच्याबरोबर पडतो. त्याला चार्ज व्हायला दोन क्षण द्या आणि मग फोटो काढा, आता फक्त खरा फ्लॅश पडेल. लॉक काही सेकंदच टिकतो, एवढं लक्षात ठेवा. घाईच्या कामाला ही युक्ती नाही, पण घरात टेबलावर ठेवलेल्या मोदकाच्या फोटोला उत्तम चालते.

बाहेर उन्हात हा सेन्सर आंधळा होतो. लग्नात तर हा मोड लावूच नका, दुसऱ्या फोटोग्राफरचा प्रत्येक फ्लॅश तुमचा फ्लॅश पाडेल आणि अर्ध्या तासात सेल संपतील. मोबाइलच्या फ्लॅशनं तो पडेल ही आशा सोडा, तो एलईडी असतो, त्याची चमक फ्लॅशच्या नळीइतकी एकदम आणि तीव्र नसते.

फ्लॅश आपोआप पडत असेल आणि उजेडाचा मोड बंद असेल, तर 433 मेगाहर्ट्झवाल्यांनी बाहेरच्या पार्किंगकडे बघावं. गाड्यांच्या सेंट्रल लॉकचे आणि गेटचे कितीतरी रिमोट याच पट्ट्यात बोलतात. चॅनेल बदला.

वडिलांच्या काळातला फ्लॅश वापरण्याआधी

गावोगावच्या स्टुडिओंमधून जुने फ्लॅश दोन-तीनशे रुपयांना मिळतात आणि स्टँडवर लावायला ते खरोखर चांगले असतात. पण काही जुन्या फ्लॅशच्या पायाशी मोठा व्होल्टेज असतो. व्हिव्हिटार 283 याचं ठळक उदाहरण, त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत तो शेकडो व्होल्ट निघतो, नंतरच्यांत दहाच्या आत. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. असा फ्लॅश स्वस्त रिसीव्हरवर लावला की कधी रिसीव्हर जळतो, कधी त्याचा आतला स्विच अडकून बसतो आणि फ्लॅश एकदा पडून पुन्हा पडत नाही.

मोजणं सोपं आहे. मल्टिमीटर डीसीवर, सगळ्यात वरच्या टप्प्यावर ठेवा. फ्लॅशचा तयार असल्याचा दिवा लागू द्या. लाल टोक पायाच्या मधल्या पिनेला, काळं कडेच्या संपर्काला. 24 व्होल्टच्या आत असेल तर ठीक, आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा तीच आहे. कॅननच्या जुन्या बॉडींसाठी तर 6 व्होल्टच्या वर जाऊ नये असं सांगितलं जायचं. जास्त निघाला तर तो फ्लॅश कॅमेऱ्याला किंवा रिसीव्हरला जोडू नका, उजेडावर चालणारी वेगळी स्लेव्ह डोळी लावून वापरा, तीही जास्त व्होल्टेज सोसणारी. आणि फ्लॅश उघडून बघू नका. बंद करून सेल काढल्यावरही कपॅसिटरमधली वीज बराच वेळ राहते आणि ती जिवावर बेतू शकते.

पैसे घालायचेच असतील तर

महागडा ट्रिगर घेऊ नका. रिसीव्हर आतच असलेला मॅन्युअल फ्लॅश घ्या. गोडॉक्सचा टीटी600 किंवा योंगनुओचा वायएन-560 फोर अशा फ्लॅशमध्ये रिसीव्हर, त्याचे सेल, पायाचा संपर्क आणि केबल हे चार सांधे एकदम गळतात, आणि जेवढे सांधे कमी तेवढ्या चुकण्याच्या जागा कमी. वर फ्लॅशची पॉवर कॅमेऱ्यावरूनच बदलता येते, प्रत्येक वेळी स्टँडपर्यंत चालत जावं लागत नाही. मात्र ट्रान्समीटर त्याच कंपनीचा आणि त्याच मालिकेचा लागतो. चॅनेल जुळूनही पडत नसेल तर गट बघा, फ्लॅश ब गटात आणि ट्रान्समीटरवर ब बंद, असं फार वेळा सापडतं. नव्या गोडॉक्समध्ये चॅनेलशिवाय आयडी नावाचा आणखी एक आकडा असतो, तोही दोन्हीकडे एकच हवा.

साडेसातशेचा तो ट्रिगर अजून माझ्या बॅगेत आहे, मागच्या बाजूच्या दुसऱ्या फ्लॅशला लावतो. कार्यालयात पोहोचलो की स्टँड उभा करतो आणि पाहुणे यायच्या आधी तीन जागांवरून टेस्ट दाबतो: अंतरपाटाच्या जागेवरून, दाराशी जिथून नवरी येणार तिथून, आणि जेवणाच्या हॉलच्या तोंडाशी. प्रत्येक जागी दहा वेळा. नंतर हॉल भरल्यावर अंतरपाटाच्या जागेवरून पुन्हा दहा वेळा. दहाला एक जरी कमी पडला तर मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत स्टँड वर करायला किंवा चॅनेल बदलायला वेळ असतो.